शेपटीचा शिक्का

संघमित्राबाईंनी नागपूरच्या शाळेत जन्मभर इंग्रजी शिकवलं. कोंबडीचे पाय उमटल्यासारखं अक्षरही त्यांना लागायचं. न्यू जर्सीतल्या पिस्कॅटवेला लेकाकडे, राकेशकडे, राहायला आल्यावर ही विद्या भलतीकडेच कामी आली. राकेशच्या ओळखीची आरोही एका संग्रहालयात कामाला होती. ती बाईंना देवमाशांच्या शिकारीला निघालेल्या दीडशे वर्षांपूर्वीच्या जहाजांच्या रोजनिश्या कॉम्प्युटरवर पाठवायची. त्या वाचून टाइप करायच्या: वारा कुठला, समुद्र कसा, मासा दिसला का, मेला की निसटला. देव न मानणाऱ्या घरात देवमासे शिरले, असं राकेश चिडवायचा.

बाई खिडकीशी बसत. बाहेर बर्फ, आत हीटरची घरघर. वाचता वाचता त्या घरघरीचा समुद्र होई आणि गल्लीत उभ्या असलेल्या गाड्यांच्या खालून काहीतरी मोठं, काळं, शांतपणे सरकत जाई. चहा गार होऊन जाई. ईश्वर, म्हणजे त्यांचे यजमान, गेल्यापासून उडालेली झोप इथे बसल्याबसल्या लागे, तीही डोळे उघडे ठेवून.

मासा दिसला की खलाशी पानावर लाकडी शिक्का उठवत. कधी अख्खा मासा, कधी पाण्याबाहेर आलेली नुसती शेपटी. आरोहीने सूचनांचा कागद पाठवला होता. 'आधी सूचना वाचा' म्हणून पोरांना जन्मभर धारेवर धरणाऱ्या बाईंनी तो काही वाचला नाही. अख्खा तो जिवंत, नुसती शेपटी उरली तो मेला, यात वाचायचं काय? अख्खा दिसला की त्यांचा जीव भांड्यात पडे. शेपटी दिसली की त्या उठत, बुद्ध आणि बाबासाहेबांच्या फोटोपुढे मेणबत्ती लावत आणि पंचशील म्हणत. एका माशासाठी.

ईश्वरसाठी मात्र नाही. वर्ष होत आलं होतं.

"आई, बाबांच्या वर्षाच्या पुण्यानुमोदनासाठी भंतेजींना डेट विचारू ना? विकेंडला हॉल मिळत नाही मग," राकेश विचारी.

"पाहू ना. घाई काय करून राहिला?" म्हणून त्या पुन्हा समुद्रावर निघून जात. दाराशी खुंटीला, इथे आल्यावर ईश्वरने घेतलेला कोट तसाच लटकत होता. त्याला हात लावायची कोणाची टाप नव्हती.

एका दुपारी आरोहीचा फोन आला. पोरगी जर्सीतच जन्मलेली. मराठी बोले, पण इंग्रजीचा टेकू घेऊन.

"मावशी, सॉरी हां, पण तुमचं सगळं रिव्हर्स झालंय. फुल व्हेल म्हणजे किल केला. त्याच्या पोटात नंबर असतो ना, ते तेलाचे बॅरल्स. टेल म्हणजे तो डाइव्ह करून गेला, त्यांना मिळालाच नाही."

तो आकडा बाईंनी रोज पाहिला होता आणि रोज सोडून दिला होता.

"तुम्ही अपसेट होऊ नका. मी दुसऱ्या कोणाला करेक्ट करायला देते."

"नको," बाई म्हणाल्या. "चूक माझी आहे, मीच दुरुस्त करते."

त्यांनी पहिलं पान उघडलं. अख्खा मासा. डोळा, पाठ, शेपूट, सगळं जागच्या जागी, अंगावर ओरखडा नाही. बघता बघता त्यांना हॉस्पिटलातला पलंग दिसला. ईश्वर असाच सगळाच्या सगळा पडून होता. भांग पाडलेला, चष्मा उशाशी. डॉक्टर काहीतरी सांगत होते आणि त्या मनात म्हणत होत्या, या डॉक्टरांना काही कळत नाही, माणूस तर अख्खा आहे. तीच समजूत त्या इतके महिने टाइप करत होत्या. फार वाईट वाटलं त्यांना, आणि पहिल्यांदाच त्यांनी ते वाटू दिलं.

मग त्यांनी 'निसटला' पुसून 'मेला' लिहिलं. पानामागून पान. शेपटी आली की 'मेला' पुसून 'निसटला'. ज्यांच्यासाठी मेणबत्त्या जाळल्या ते सगळे खोल पाण्यात खुशाल पोहत गेले होते. त्याचं त्यांना हसू आलं, आणि हसता हसता रडू फुटलं. बाहेर बर्फ निळं होत गेलं. ते मोठं, काळं गल्लीतून सावकाश गेलं आणि वळणाशी बुडालं. बाईंनी त्याला जाऊ दिलं.

राकेश कामावरून आला तेव्हा खुंटी रिकामी होती. कोट घडी करून आईच्या मांडीवर होता.

"भंतेजींना फोन कर," त्या म्हणाल्या. "तुझे बाबा गेले."