बलकारची नासपती

“देल्लेल्या झाडाचं पह्यलं फळ देनाऱ्याच्या तोंडात पडाले पायजे, मंग आपल्या.”

तीन वर्षांपूर्वी सुशिलाबाई बोपचे हे बोलल्या तेव्हा माझा हात त्यांच्या वाडीतल्या नासपतीच्या फांदीवर होता. झाडाला पहिल्यांदाच तीन फळं धरली होती. मुठीएवढी, हिरवट, अंगावर बारीक तांबूस ठिपके. मला तोडायचं नव्हतं, खरंच दगडासारखी घट्ट असतात का एवढंच बघायचं होतं. पण त्यांनी असं पाहिलं की मी हात खाली घेतला आणि खिशात घातला.

मी गोंदियाजवळच्या कामठ्याच्या शाळेत शिकवतो. बोपच्यांच्या घराची बाहेरची खोली भाड्यानं घेऊन मला आठ वर्षं झाली. पहिल्याच आठवड्यात त्यांच्या सुनेनं, दुर्गेश्वरीनं, लाखोळीच्या डाळीचे वडे पाठवले होते. मी भांडं घासून, पुसून, स्वच्छ परत नेलं. सुशिलाबाईंनी ते उलटं करून पाहिलं.

“सर, तुमच्या गावाकडं भांडं असंच खाली वापस करतेत?”

त्या घरातून बाहेर गेलेलं किंवा त्या घरात आलेलं कुठलंच भांडं रिकामं परतत नाही. काही नसेल तर चिमूटभर साखर, दोन हिरव्या मिरच्या, तेही नसेल तर कढीपत्त्याची काडी. मी खोलीत पळत जाऊन दोन बिस्किटं आणली. त्यांचे यजमान, लीलाधरजी, खाटेवरून ओरडले, “झाले सर पास!”

तिथं कुणी कुणाचे आभार मानत नाही. तो शब्द बँकेतल्या माणसानं म्हणायचा असतो अशी एकंदर समजूत आहे. घेतलेलं मात्र माणसाच्या अंगात राहतं, आणि ते तसंच ठेवून झोपायची सुशिलाबाईंना सवय नाही. एकसष्ट वर्षांच्या, ठेंगण्या, चालताना थोड्या डावीकडं कललेल्या बाई. वाडीत त्यांचा आवळा आहे, दोन सीताफळं, पेरू, कागदी लिंबू, शेवगा, कुंपणावर सेमीच्या शेंगांचे वेल. आणि मधोमध, मातीचा उंचवटा करून लावलेली ती नासपती. धानाच्या या मुलखात असलं झाड मी दुसरीकडं पाहिलेलं नाही.

ते झाड आलं एका सापामुळं.

दरवर्षी दिवाळीनंतर पंजाबातून धान कापायच्या मोठ्या मशीन येतात. ड्रायव्हर, बरोबर दोनतीन माणसं, महिनाभर या गावाहून त्या गावाला. मशीन बांधीच्या कोपऱ्यात वळत नाही, म्हणून शेताचे चारही कोपरे आधी विळ्यानं कापून ठेवावे लागतात. अकरा वर्षांपूर्वी लीलाधरजी असाच एक कोपरा कापत होते आणि ओल्या धानात बसलेली परड, म्हणजे घोणस, त्यांच्या पोटरीला डसली. परडीचं विष किती वाईट असतं हे इथल्या प्रत्येकाला माहीत आहे. मुलगा हेमेंद्र तेव्हा नागपूरला शिकत होता. शेतात सुशिलाबाई, दोन बाया आणि मशीनवर बसलेला बलकार सिंग.

बलकारनं मशीन बंद केली. हंगामात असली मशीन तासावर चालते, पुढच्या बांधीचा मालक बांधावर येऊन उभा असतो. तो मालक ओरडत राहिला. बलकारनं कुणाची तरी मोटरसायकल घेतली, लीलाधरजींना आपल्या पाठीला दुपट्ट्यानं बांधलं, मागं आपला माणूस बसवला आणि गोंदियाचा सरकारी दवाखाना गाठला. सुशिलाबाई मागाहून ऑटोनं पोचल्या तेव्हा सुई लागलेली होती. बलकार बाहेर बाकावर अंग चोरून बसला होता. कुणी तरी दिलेला चहा त्यानं तसाच त्यांच्या हातात दिला. म्हणाला, “चाची, बच जाएंगे. डॉक्टर ने बोला है.”

लीलाधरजी आठ दिवसांनी घरी आले. तोवर मशीन पुढच्या गावाला गेली होती.

पुढच्या दिवाळीनंतर बलकार आला तेव्हा सुशिलाबाईंनी त्याच्या चारही माणसांना जेवायला बसवलं. जेवताना तो म्हणाला, आमच्याकडं नासपती होते, पहाडातली नव्हे, मैदानातली, दगडासारखी, पण गोड. “अगले साल लाऊं, चाची?” त्यांनी हसण्यावारी नेलं. पण त्याच साली पुढच्या खेपेला येणाऱ्या ओळखीच्या ट्रकवाल्याबरोबर त्यानं कलम पाठवलं, ओल्या पोत्यात गुंडाळलेलं, हातभर उंच, एकही पान नसलेलं.

“हे का पाठवलं जी त्यानं? सरपन?” लीलाधरजी म्हणाले होते.

सुशिलाबाईंनी ते वाडीतल्या सगळ्यात चांगल्या जागी लावलं. म्हणजे बोअरचं पाणी साचतं त्या खोलगट कोपऱ्यात. धान पिकवणाऱ्या माणसाला चांगली जागा म्हणजे पाणी उभं राहील ती जागा, दुसरी माहीतच नाही. कौतुकाचं झाड, म्हणून त्याला सकाळी पाणी, संध्याकाळी पाणी. पानं आली ती पिवळी. त्यांनी आणखी पाणी घातलं. वर्षभरानं बलकार आला, वाडीत गेला आणि डोक्याला हात लावला.

“चाची, ये धान नहीं है! इसको डुबा के मारोगे क्या?”

मग त्यानं स्वतः फावडं घेतलं. मधोमध गुडघाभर उंच माती रचली, झाड मुळांभोवतीच्या मातीच्या गोळ्यासकट काढून तिथं बसवलं, आणि बजावलं की माती सुकल्याशिवाय पाणी नाही. थंडीत तर नाहीच. पानं गळतील, झाड मेल्यासारखं दिसेल, तरी हात लावायचा नाही. कलमाच्या सांध्याखालून काटेरी फुटवा आला तर तेवढा मात्र कापायचा. सुशिलाबाई मला सांगायच्या, “सर, मुलाले उपाशी ठेवावं तसं वाटे. बादली भरून आनो, अन् बाजूच्या लिंबाले टाको.”

दर पौषात झाड काड्या होऊन उभं राही. येणारेजाणारे म्हणत, काकी, आता तरी तोडा. माघाच्या शेवटी कुठून तरी पांढरी फुलं येत. फुलं गळत, फळ धरत नसे. बलकार दर हंगामात यायचा, मशीन वडाखाली लावून आधी वाडीत शिरायचा, खोडावर थाप मारायचा आणि विचारायचा, “चाचा ठीक है ना?” लीलाधरजी म्हणायचे, “ठीक, ठीक. तू बरा हायस का?” आणि काही तरी काम काढून निघून जायचे.

ती पहिली तीन फळं पिकली श्रावणात. बलकार यायचा कार्तिकात. सुशिलाबाईंनी केलं ते त्यांच्या माहितीतलं: आंबा ठेवतात तशी तणसात, म्हणजे भाताच्या पेंढ्यात, गुंडाळून धानाच्या कोठीत ठेवली. घरात कुणाला हात लावू दिला नाही. कार्तिकात बलकार पाटावर बसला, त्यांनी कोठी उघडली, आणि हाताला लागला काळा चिखल. बलकार डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसला. “हो गया चाची, मिल गया मुझे!”

“सडलं ते देल्लं नाही,” सुशिलाबाई म्हणाल्या, आणि हात धुवायला गेल्या.

त्याच्या पुढच्या वर्षी वानरांनी एक फळ ठेवलं नाही. बलकार त्या कार्तिकात आला तो शेवटचा. गेल्या वर्षी गारांनी फुलं झोडपली, आणि मशीनवर आला तो दुसराच पोरगा. बलकार मशीनच्या शिडीवरून पडला होता, कमरेचं हाड मोडलं होतं. आता तो गावीच असतो, अमृतसरच्या अलीकडं कुठं तरी, काठी घेऊन घरातल्या घरात फिरतो.

यंदा चौदा फळं टिकली. सुशिलाबाईंनी झाडावर हेमेंद्रची जुनी मच्छरदाणी बांधली आणि वानरांसाठी दुपारभर वाडीत बसून राहिल्या. फळाच्या बुडाला पिवळेपणा दिसायला लागला तशी घरात चर्चा सुरू झाली. हेमेंद्र आता गोंदियाला मोबाईलच्या दुकानात आहे. त्यानं कुरिअर सुचवलं.

“पाच दिवस डब्ब्यात? अन् पाऊस?”

दुर्गेश्वरीनं फोन लावला, आवाज मोठा केला. “माय, त्याहिलेच इचारा.”

पलीकडून तोच आवाज, जरा बारीक झालेला. “चाची, आप खाओ. बच्चों को खिलाओ. समझो मैंने खा लिया.”

“समझो नहीं होता,” सुशिलाबाई म्हणाल्या. “रोटी समझो खाया, तो पेट भरता क्या?”

तो हसला, मग खोकला. “चाचा कहां हैं?”

लीलाधरजींनी खाटेवरूनच जोरात हात हलवला. बाहेर गेलो म्हणून सांग.

“यहीं बैठे हैं,” सुशिलाबाई फोनमध्ये म्हणाल्या. “हाथ हिला रहे हैं.”

फोन ठेवल्यावर त्या हेमेंद्रला म्हणाल्या, “अमृतसरच्या गाडीचे दोन टिकट काढ. रोवना झाला की जातो.”

“दोन?”

“मी अन् तुझे बाबूजी.”

लीलाधरजी उठून बसले. “मी कायले? तू डोंगरगडाच्या पुढं कधी गेली नाहीस, तुले जाचं असन तं हेमेंद्रले ने. मी येऊन नाही राहिलो.”

“जीव कोनाचा वाचला? हेमेंद्रचा?”

संध्याकाळी लीलाधरजी माझ्या खोलीच्या पायरीवर येऊन बसले. मी चहा ठेवला. कप हातात घेऊन म्हणाले, “सर, त्या दिवशी मी त्याच्या पाठीवर ओकलो. गोंदिया येतपर्यंत. मले सुध होती, लोक समजतेत नव्हती. तो गाडी चालवे अन् म्हने, कोई बात नहीं चाचा, कोई बात नहीं. दवाखान्यातून आलो तं तो निघून गेल्ता. दुसऱ्या साली समोर आला. मले का बोलाव सुचलं नाही. ‘तू बरा हायस का’, एवढं म्हनलं. नऊ साल एवढंच म्हनलं.” कपातला चहा तसाच होता. “आता त्याच्या घरी जाऊन का म्हनू? त्याच्या पोरासमोर?”

इतक्या वर्षांनंतर एखाद्या माणसापुढं जाऊन उभं राहणं, आणि आपण जिवंत आहोत तो त्याचा पुरावा म्हणून उभं राहणं, हे साधं काम नाही. जे आपल्याला मिळालं त्याच्या ओझ्याखाली आपण वाकतो आणि त्यालाच लाज म्हणतो. आतून सुशिलाबाईंचा आवाज आला. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

“म्हनाचं काही नाही. फळ त्याच्या हातात ठेवाचं. तुमच्या हातानं. मी ठेवलं तं अर्धंच होते.”

“मी नाही येत, सांगून राहिलो!”

धानाचं रोवणं आटोपलं. सुशिलाबाईंनी बोट लावून एकेक फळ पाहिलं. जे नुसतं पिरगळल्यावर सुटलं ते घेतलं. चौदाच्या चौदा. घरात एकही ठेवलं नाही, नात रुचि रुसून बसली तरी नाही. “तो खाईन, मंग तुले. पुढच्या साली झाडभर,” त्यांनी तिला सांगितलं आणि तिच्या हातात झाडाचं एक पान दिलं. त्या रुसलेल्या पोरीनंही ते फेकलं नाही.

निघायचा दिवस उजाडला. पाऊस उघडला होता. गोंदियाला नेणारा ऑटो फाटकाबाहेर येऊन भोंगा वाजवत होता. हेमेंद्रनं दोन्ही तिकिटं फोनवर पुन्हा दाखवली. लीलाधरजी घरापुढच्या सपरीत बसले होते. इस्त्रीचं पांढरं धोतर, नवा सदरा, दाढी केलेली.

“बाबूजी, चलून राहिले ना?” दुर्गेश्वरीनं विचारलं.

“कोन म्हन्ते? मी बसून हाव.”

“मंग सदरा कायले घातला?”

“घरी सदरा घालाची बंदी हाय का?”

रुचि हसली. मी दारात उभा होतो, मलाही हसू आलं. लीलाधरजी माझ्याकडं पाहून कपाळाला आठ्या घालून म्हणाले, “सर, तुमीच सांगा, त्या गाडीत तीस तास कोन बसन?” पण आवाजात जोर नव्हता, आणि त्यांची नजर घराच्या दाराकडं होती.

सुशिलाबाई आतून आल्या. ठेवणीतलं हिरवं लुगडं, काखेत कपड्यांची लहान थैली. हातात दुसरी, जड थैली होती, वरून तणसाच्या काड्या डोकावत होत्या. त्या सपरीत थांबल्या. नासपतीची थैली त्यांनी लीलाधरजींच्या पायांशी ठेवली, इतकी जवळ की ती त्यांच्या अंगठ्याला टेकली. डोक्यावरचा पदर नीट केला. आणि ऑटोत बसायला फाटकाबाहेर पडल्या.