प्रमाणासाठी उभा केलेला माणूस

फेब्रुवारीतला दुसरा शनिवार. संध्याकाळचे सहा. अमरावतीतला एक हॉल. कामाची ठरलेली रक्कम अठरा हजार, आणि ती मला आधीच पूर्ण मिळाली होती. हे अगोदर सांगतो, कारण पुढचं भांडण पैशाचं नाही. हजर : माझी आई, बायको, बारावीतली मुलगी आणि मी. शिवाय सुमारे साठ पाहुणे, आम्हाला न ओळखणारे.

भिंतीवर तेवीस फोटो होते. वऱ्हाडातली इंग्रजांच्या काळातली चर्चं. अमरावती, अकोला, परतवाडा. तेवीसही मी काढलेले. बायको पहिल्याच फोटोपाशी थांबली. परतवाड्याच्या चर्चचं दार, वर टोकदार कमान, आणि दाराशी हात खाली सोडून उभा असलेला मी.

"अहो, हे तर तुमीच आहा ना!" ती हसून म्हणाली.

मुलीने खालची पट्टी मोठ्याने वाचली. "छायाचित्र : संस्थेचा संग्रह. प्रमाणासाठी : स्थानिक मजूर."

मग ती पुढच्या फोटोकडे गेली. मग त्याच्या पुढच्या. तेविसांपैकी सतरा फोटोंत मी होतो. सतरा ठिकाणी स्थानिक मजूर. फोटो काढणाऱ्याचं नाव एकाही ठिकाणी नाही. याच चर्चांवर संस्थेने काढलेलं जाड पुस्तक टेबलावर होतं, त्यातही नाही.

ज्यांनी काम दिलं ते साहेब पाहुण्यांत उभे होते. पुण्यात राहणारे आर्किटेक्ट, मूळचे अमरावतीच्याच एका मोठ्या घरातले. मी जवळ जाऊन हळू आवाजात म्हणालो, "साहेब, फोटो मी काढले."

ते हसले. "अहो, नजर आमची होती. तुम्ही बटण दाबलंत." मग शेजारच्या बाईंना म्हणाले, "हे आमचे फोटोवाले. फार प्रामाणिक." आणि मला, "फराळ घेतल्याशिवाय जाऊ नका हं."

मी फराळ घेतला. हे लिहायला लाज वाटते, पण खरं तेच लिहायचं. दोन कचोऱ्या खाल्ल्या. मुलीने बशीला हात लावला नाही.

आता ते काम कसं झालं ते सांगतो.

अकोल्यात माझा फोटो स्टुडिओ आहे. लग्नं, बारशी, पासपोर्ट. त्याआधी सहा वर्षं मी जमीन मोजणाऱ्या एका माणसाच्या हाताखाली साखळी ओढली. तेव्हापासून जे दिसेल ते मोजून वहीत लिहायची सवय लागली. साहेबांचा निरोप आला तेव्हा आनंद झाला. लग्नातली तीच ती तोंडं टिपून डोळे थकले होते. दगड टिपायला मिळणार होता.

पहिल्या दिवशी साहेबांनी विचारलं, "आडनाव?"

सांगितलं. "अच्छा," म्हणाले. अहोजाहो तसंच राहिलं, पण पुढे आलेला हात खिशात गेला. त्यानंतर अकरा दिवस ते आणि त्यांचे सहायक गाडीत बसून जेवले. मी आवाराच्या भिंतीवर बसून माझा डबा खाल्ला. न बोलता सगळं ठरलेलं होतं.

इमारतीच्या फोटोत माणूस असला की तिचा आकार कळतो. साहेब म्हणाले, "तुम्हीच उभे राहा. वेगळा माणूस कशाला?" मग मी कॅमेरा तिपाईवर लावायचो, दहा सेकंदांचा टायमर द्यायचो आणि धावत जाऊन भिंतीशी उभा राहायचो. सत्तेचाळीस वर्षांचा माणूस, पोट सुटलेला. एका दारासाठी नऊ वेळा धावलो. गाडीतून सहायक ओरडायचे, "काका, धावा, ट्रेन सुटली!" साहेबही हसायचे. मीही हसायचो.

परतवाड्याच्या चर्चमध्ये भिंतीत संगमरवरी पाट्या आहेत. छावणीतल्या गोऱ्या साहेबांच्या. एक त्यांच्यापैकी कोणाच्या तेरा महिन्यांच्या बाळाची. बाळाचंही नाव कोरलेलं, आईबापाचंही. ती पाटी बसवणाऱ्याचं, काळा दगड घडवणाऱ्याचं, छपराच्या सागवानी कैच्या वर चढवणाऱ्याचं नाव कुठे नाही. मी सगळीकडे शोधलं. त्या दिवशी एवढंच वाटलं की तेव्हा तसंच असेल.

दुपारी ते जेवत असताना मी टेप लावून दार मोजलं. दहा फूट चार इंच. मनोऱ्याच्या आतल्या लाकडी शिडीवरून घंटेच्या खिडकीपर्यंत चढलो आणि दगड बांधून सुतळी खाली सोडली. एक्केचाळीस फूट चार इंच. वही साहेबांपुढे धरली. "राहू द्या," ते म्हणाले. "मापं आम्ही ऑफिसात फोटोवरून काढू. तुम्ही उभे राहा, तेवढं पुरे."

हॉलमधून अकोल्याला घरी आलो त्या रात्री आई न जेवता भिंतीला टेकून बसली. तिने सोळा वर्षं रोजगार हमीवर खडी फोडली आहे. मला वाटलं, मजूर शब्दाचं तिला लागलं असेल. मी म्हणालो, "जाऊ दे आई. लोकायले काय समजते."

ती म्हणाली, "मजूर म्हटलं त्याचं नाही रे मले काही. मजुरीच केली मी. पण मस्टरवर माहं नाव लिहत होते. रोज. अंगठा घेत होते. मजुराले का नाव नसते? तुह्या फोटोखाली कावून नाही?"

बायको भांडी आवरत होती, ती थांबली.

मी आयुष्यभर मजूर या शब्दापासून पळत होतो. शर्ट इस्त्रीचा, दुकानाची पाटी रंगवलेली. आणि आईने दाखवून दिलं की अपमान त्या शब्दात नव्हताच. मी चुकीच्या जागी दुखवून घेत होतो.

एप्रिलमध्ये साहेबांचा फोन आला. पुस्तकाची दुसरी छपाई होती. कोणा निवृत्त इंजिनिअरने परतवाड्याचं दार स्वतः मोजलं होतं आणि पुस्तकातलं माप चुकीचं निघालं होतं. पुस्तकात दार अकरा फूट. घंटेची खिडकी चव्वेचाळीस.

मी मनात हिशेब केला आणि चूक लगेच सापडली. फोटोत दार माझ्या दुप्पट दिसतं, खिडकी आठपट उंचीवर. त्यांनी माणूस साडेपाच फूट धरला होता. मी पाच फूट दोन इंच आहे. अकरा दिवस ज्याला पट्टी म्हणून वापरलं, त्याची लांबी कोणी विचारली नव्हती. सतरा फोटो, सतरा मापं, सगळी चुकलेली.

"तुमची नेमकी उंची किती हो?" साहेब म्हणाले. "आणि ती वही आहे ना? मनोऱ्यातली शिडी आता काढून टाकलीये म्हणे."

"आहे वही. फोटोखाली माझं नाव टाका, पूर्ण, आडनावासकट. आणि ते मजूर काढा. मग उंचीही सांगतो, वहीही देतो."

"नावं संस्थेचं मंडळ ठरवतं हो. एवढ्याशा गोष्टीचं काय घेऊन बसलात?"

"मग मंडळाले उभं करा भिंतीपाशी."

साहेबांचा आवाज बदलला. "हे बघा, तुमच्या लोकांना थोडं दिलं की..." वाक्य त्यांनी पुरं केलं नाही. मीही पुरं करायला मदत केली नाही. "पाच हजार पाठवतो," म्हणाले आणि फोन ठेवला.

अर्ध्या तासात पैसे आले. मी दुकानातच होतो. समोर एक माणूस पासपोर्ट फोटोसाठी बसला होता. त्याचा फोटो काढला, नाव विचारून पाकिटावर लिहिलं, मग मोबाइल हातात घेतला.

दुसरी छपाई निघाली. मापं तीच, चुकलेली. फोटोखालची पट्टीही तीच. असू दे. यंदा माझी दोन मोठी कामं गेली, कारण नाव छापण्याचं लेखी दिल्याशिवाय मी आता एकही फोटो हातातून सोडत नाही. आणखी जातील. थकलोय, पण हे बदलणार नाही. कोणाच्या इमारतीशी मी माप म्हणून उभा राहणार नाही.

शेवटी दिलेली रक्कम : पाच हजार रुपये, पूर्ण. देणारा मी, घेणारे साहेब. आले त्याच दुपारी परत.