काचेच्या आत कोण बसलंय?

माझ्या बहिणीच्या नवऱ्याला स्टेडियममध्ये सगळे भोंगा म्हणतात. मी भाऊजी म्हणतो, कारण म्हणावं लागतं. ते लिफ्ट दुरुस्त करतात. उभं आयुष्य लिफ्टच्या खड्ड्यात उभं राहून वरच्या मजल्यावरच्या जोडीदाराला "थांबव! अजून खाली घे! बास!" असं ओरडण्यात गेलं, त्यामुळे आवाज असा कमावला गेला की घरात मीठ मागितलं तरी शेजारचे दचकतात. त्यातून या माणसाला घटकाभर स्वस्थता म्हणून नाही. जेवताना पाय हलतो, बोलताना किल्ल्यांचा जुडगा वाजतो, टीव्ही बघताना तीनदा उठून खिडकी उघडतील आणि तीनदा लावतील. ताई म्हणते, यांना एका जागी बसवायचं तर खिळे ठोकायला हवेत.

सामना असला की भाऊजी गोलपोस्टच्या मागच्या स्टँडमध्ये असणारच. स्वतःच्या लग्नातसुद्धा मध्येच गायब होऊन स्कोअर विचारून आले होते, ते ताई अजून उकरून काढते. घोषणा रचणं हे त्यांचं खरं काम, लिफ्ट नुसती पोटापाण्यासाठी. समोरचा गोलकीपर जाडा असो की रेफरीची चड्डी आखूड असो, भाऊजींकडे चार ओळी तयार. त्यांचा उजवा हात वर गेला की स्टँड गप्प, खाली आला की स्टँड सुरू. दोन्ही हात जोरजोरात हलवले की टाळ्या दुप्पट. त्यांना या गादीवर कुणी बसवलं, हे विचारायची सोय नाही. मला तर फुटबॉलमधलं फारसं कळतही नाही. माझं चष्म्याचं दुकान आहे आणि मी त्यांच्या शेजारी बसतो, कारण ताईला वाटतं की मी असलो म्हणजे ते मारामारी करणार नाहीत.

मग दोन वर्षांपूर्वी स्टेडियमचं नूतनीकरण झालं आणि आमचे सुखाचे दिवस संपले. उभं राहायच्या पायऱ्या फोडून तिथे घडीच्या प्लास्टिकच्या खुर्च्या बसवल्या. ढोल बंद. झेंड्याची काठी बंद. पाण्याची बाटली फाटकावर काढून घेतात आणि आत तीच विकत देतात. स्टँडला आता एका रंगाच्या कंपनीचं नाव आहे, ते पुरतं उच्चारेपर्यंत कॉर्नर मारून होतो. आमच्यातला बेकरीवाला पूर्वी ढोल आणायचा. आता तो स्वतःच्या मांडीवर थापा मारतो आणि घरी जाऊन बायकोला निळी पडलेली मांडी दाखवतो.

खरं सांगायचं तर मला त्या खुर्च्या आवडल्या. माझे गुडघे गेलेत. पण ते तिथे बोलून दाखवायची माझी छाती नव्हती, कारण भाऊजी त्या खुर्चीवर कधीच टेकले नाहीत. पूर्ण सामना तिच्यासमोर उभे राहायचे, जणू ती कुणा दुसऱ्याची आहे.

त्यांचा खरा दात होता तो आवाजाच्या खोलीवर. समोरच्या छताखाली काचेची एक खोली केली होती. तिथे कुणीतरी बसून बटणं दाबायचं. आम्ही घोषणा सुरू केली रे केली की स्पीकरमधून धाडधाड गाणी सुरू व्हायची, नाहीतर रंगाची जाहिरात. वर मोठ्या पडद्यावर अक्षरं यायची, 'आवाज करा!'

"अरे तेच करत होतो ना, भल्या माणसा!" बेकरीवाला किंचाळायचा.

मागच्या महिन्यात त्या खोलीतला माणूस नोकरी सोडून गेला. तो आमच्या शिव्यांना कंटाळूनच गेला, असं भाऊजींनी परस्पर ठरवून टाकलं आणि आठवडाभर छाती काढून फिरले.

पुढच्या सामन्याच्या सकाळी मी दुकानात एका आजोबांच्या नाकावर फ्रेम बसवत होतो, तेवढ्यात ताईचा फोन आला.

"ऐक. आणि मोठ्याने काही बोलू नकोस. त्या काचेच्या खोलीत आजपासून आपली पोरगी आहे."

माझी भाची. आवाजाचं शिक्षण घेऊन तीन वर्षं लोकांच्या कार्यक्रमांत खोकी उचलत आणि वायरी गुंडाळत फिरत होती. पहिल्यांदाच धड नोकरी मिळायची वेळ आली होती.

"आजचा सामना बघणार आणि मग ठेवायचं की नाही ते ठरवणार आहेत," ताई म्हणाली.

"भाऊजींना माहीत आहे?"

"वेडा आहेस का तू? ती म्हणते, एवढा एक सामना नीट पार पडू दे, संध्याकाळी बाबांना मीच सांगते. तू फक्त आज त्यांना आवर."

"मी? त्यांना?"

"एका सामन्यापुरतं, रे. तेवढंही होणार नाही तुझ्याच्याने?"

आजोबा म्हणाले, फ्रेम टोचतेय. मी म्हटलं, मलापण.

दुपारी भाऊजी मला घ्यायला आले. बसमध्ये ते एका दांडीवरून दुसऱ्या दांडीवर हात बदलत उभे राहिले. रिकामी जागा होती, तरी उभेच.

"नवीन माणूस बसवलाय म्हणे काचेत," ते कानाशी आले. कुजबुज म्हणून जे बोलले ते ड्रायव्हरनेही ऐकलं. "त्याच्या स्वागताची तयारी झाली आहे. आठवडाभर खड्ड्यात उभा राहून जुळवली. बुधवारीच सगळ्यांच्या फोनवर पाठवून दिली. पोरं पाठ करून येणार आहेत. ऐक."

आणि त्यांनी दांडीवर ताल धरून मला ऐकवली.

"कोण रे बसलंय काचेच्या आत?
डोक्यात भुसा, बटणावर हात!
घरी जा, घरी जा,
बापाच्या जिवावर बसून खा!"

वाईट म्हणजे चाल झकास होती. बसमधला एक पोरगा लगेच गुणगुणायलासुद्धा लागला.

"नवीन आहे हो बिचारा," मी म्हटलं. "आजचा दिवस सोडून द्या. पुढच्या सामन्याला बघू."

"नवीन आहे तोवरच मोडायला हवा. एकदा खुर्ची गरम झाली की उठत नाही कुणी." मग माझ्याकडे निरखून पाहत म्हणाले, "तुला काय झालं रे घाम फुटायला?"

मी म्हटलं, गुडघे.

सामना सुरू झाला आणि माझ्या आयुष्यातला सर्वांत लांब तास सुरू झाला. मी मैदानाकडे बघतच नव्हतो, समोरच्या काचेकडे बघत होतो. ऊन काचेवर पडलं होतं, आत कुणी आहे की नाही तेही कळत नव्हतं. आणि गंमत अशी की स्पीकर गप्प होते. आम्ही गात होतो आणि कुणी मध्ये येत नव्हतं. आमच्या संघातल्या एका पोराने एकदा गोलपोस्टच्या खांबाला चेंडू मारला, तेव्हा एवढुसं संगीत वाजलं आणि आम्ही ओरडताच खाली गेलं. पोरगी हुशार होती. मला तिचा अभिमान वाटत होता आणि तो कुणाला सांगता येत नव्हता.

भाऊजी मात्र कासावीस. "हा बटण का दाबत नाहीये?" या पायावरून त्या पायावर. "झोपलाय का? मेलाय का? अरे दाब की!" एवढी तयार केलेली घोषणा घशात अडकून बसली होती. त्यांच्या किल्ल्यांच्या आवाजाने पुढच्या रांगेतल्या बाईने दोनदा वळून पाहिलं.

मध्यंतराला थोडा वेळ उरला होता. आम्हाला पहिला कॉर्नर मिळाला, स्टँड उठला, आणि नेमकी त्याच क्षणी रंगाची जाहिरात सुरू झाली. ती वाजवणं भाचीच्या हातात नव्हतं, कॉर्नरला ती वाजलीच पाहिजे असा कंपनीशी करार होता. हे मला नंतर कळलं. भाऊजींना काय त्याचं. त्यांचा उजवा हात वर गेला. मी तो धरायला गेलो आणि माझ्या हाती बाही आली.

हात खाली आला.

अख्खा स्टँड एका दमात गायला. पहिल्या फेरीत आमचे लोक, दुसऱ्या फेरीत बाजूचा स्टँड, आणि तिसऱ्या फेरीला समोरचे, महागाची तिकिटं काढून तोंड शिवून बसणारे, तेही टाळ्या देत उठले. त्या काचेवर सगळ्यांचाच राग होता, फक्त शब्द नव्हते. ते भाऊजींनी पुरवले. पायऱ्या फुटल्यापासून चारही बाजू एकत्र गायल्या नव्हत्या. भाऊजींचे डोळे भरून आले होते. माझा दंड दाबून म्हणाले, "ऐकतोयस ना? माझी आहे ही. माझी!"

त्या चेहऱ्याकडे बघून सांगणं फार जड गेलं. पण 'बापाच्या जिवावर' ही ओळ हजारो तोंडांतून परत आली आणि मला राहवलं नाही. मी त्यांच्या कानाला तोंड लावलं.

"भाऊजी, आत आपली पोरगी आहे. आज तिची परीक्षा आहे. ठेवायचं की नाही ते आज ठरणार आहे."

त्यांना आधी कळलंच नाही. हसतच होते. मग हसू तसंच राहिलं आणि डोळे काचेकडे गेले. ढग आला होता, काचेवरचं ऊन सरलं होतं. आत बारीकशी एक आकृती दिसत होती. केस वर बांधलेले, कानांवर मोठे हेडफोन.

"बंद करा!" भाऊजी ओरडले. "ए, बंद करा रे!"

कोण ऐकणार? त्यांनी दोन्ही हात वर करून जोरजोरात हलवले. नको, नको, थांबा. लोकांनी पाहिलं की भोंगा दोन्ही हात हलवतोय, म्हणून टाळ्या दुप्पट केल्या. ते जितके हात हलवत होते तितका आवाज चढत होता. त्यांनी जुनी, सगळ्यांची लाडकी एक घोषणा सुरू करून पाहिली. शेजारच्या दोघांनी एक ओळ म्हटली आणि परत नवीन धरली. बेकरीवाल्याच्या खांद्याला धरून ते गदागदा हलवायला लागले, तर तो आनंदाने त्यांच्या गळ्यातच पडला.

मग भाऊजी खुर्चीवर चढले. "दाब गं!" काचेकडे बघून ते ओरडत होते. दोन वर्षं ज्या बटणाला शिव्या दिल्या, ते बटण दाबायला विनवत होते. "लाव गाणी! मोठ्याने लाव! माझी पोरगी आहे रे ती! अरे, माझी पोरगी आहे!" मी अगदी शेजारी होतो तरी मला ते अर्धंमुर्धं ऐकू येत होतं. आवाज फाटत फाटत गेला आणि शेवटी नुसतं तोंड हलताना दिसत होतं.

आणि स्पीकर बंद पडले. जाहिरात अर्ध्यावर तुटली, पडदा काळा झाला.

स्टेडियममध्ये जो जल्लोष झाला तो गोललासुद्धा होत नाही. काच हरली, आपण जिंकलो. लोक येऊन भाऊजींची पाठ थोपटत होते, कुणी त्यांच्यासोबत फोटो काढत होतं. भाऊजी खुर्चीवरून उतरले आणि तिच्यावर मटकन बसले. तो सामना आम्ही जिंकलो की हरलो ते मला अजूनही पेपरात बघून सांगावं लागेल.

घरी ताईला मी सगळं सांगितलं. ती भाऊजींना बोलणार म्हणून मी वाट पाहत होतो, पण ती पानं घ्यायला लागली, ते जास्त वाईट. भाऊजी दाराजवळ बसून राहिले. पाय हलत नव्हता, किल्ल्या वाजत नव्हत्या. तो माणूस असा निश्चल मी कधी पाहिला नव्हता आणि मला ते बघवेना.

भाची आली. चपला काढल्या, हात धुतले, पानावर बसली. आम्ही तिघं तिच्याकडे बघत होतो.

"जेवा ना," ती म्हणाली. "माझ्या तोंडाकडे काय बघताय?"

"मला माहीत नव्हतं," भाऊजी म्हणाले. घशातून नुसती हवा आली.

"माहीत आहे मला. टीव्हीसाठी तुमच्या स्टँडसमोर माइक टांगलेला असतो. तो माझ्या कानात असतो. पहिल्यापासून ऐकत होते तुम्हाला. ते 'झोपलाय का, मेलाय का'पण."

"मग ती... घोषणा..."

"ऐकली ना. चाल ऐकूनच कळलं कुणाची आहे." ती पाणी प्यायली. "लागलं मला, बाबा. खोटं कशाला बोलू?"

"मग गाणी लावायची ना मोठ्याने! बुडवायचं आम्हाला! बंद कशाला केलंस?"

"तुमचा आवाज फाटला होता. तुम्ही एवढं ओरडता, पण तसं कधी ओरडत नाही. मला वाटलं, छातीत वगैरे काही झालं की काय. स्पीकर चालू असताना माइकमध्ये तेच परत येतं, तुमचं नीट कळेना. म्हणून सगळं बंद केलं आणि तुम्हालाच ऐकत बसले."

ताई हळूच म्हणाली, "आणि नोकरीचं?"

"कराराची जाहिरात मध्येच तोडली ना. साहेबांनी उद्या बोलावलंय. नाही ठेवणार बहुतेक."

भाऊजींनी तिच्याकडे पाहिलं. "मग गं? काय करशील?"

तिने घास घेतला. थकली होती, भूक लागली होती, तिला कुणाला टोचायचं नव्हतं. सहज म्हणाली, "काय करायचंय? तुम्ही आहात की."

भाऊजींनी ताट बाजूला सारलं आणि दोन्ही हातांत तोंड झाकून रडायला लागले. खांदे गदगदत होते आणि खोलीत आवाज म्हणून येत नव्हता.