वाचन कोणी बुडवलं?

कॉलेजातल्या त्या निबंधवालीच्या तोंडी कोणी लागत नसे. तिच्या मते आई मालिकांत वाहून गेलेली, भाऊ रील बघून बधिर झालेला आणि वर्गातली मुलं म्हणजे नुसती अक्षरओळख असलेले अडाणी. ही सगळी गरळ तिने ‘वाचन कोणी बुडवलं?’ या निबंधात ओकली, एका जाड ग्रंथातले सात उतारे दिले आणि पहिलं बक्षीस मिळवलं.

मग ती कॉलेजच्या ग्रंथालयात गेली आणि तिथे पुस्तकं बांधणाऱ्या, चौथी शिकलेल्या बाइंडरकाकांना तिने निबंध ऐकवला, त्यांच्यावर उपकार केल्यासारखा.

काकांनी फळीवरून तोच ग्रंथ काढला आणि कागद कापायची सुरी तिच्यापुढे ठेवली.

"उतारे फोननं वाचले असतील, पोरी. याची इथे ही एकच प्रत, आणि तिची पानं छापखान्यातून आली तशी कडेला अजून जोडलेलीच आहेत. आता कापून तू वाच."