एका फेरीत एकच गोष्ट

आमच्या सीमेवरच्या गावच्या दवंडीवाल्याला मी वीस वर्षं पाहिलं. डफ जाळावर तापवून तो एकच निरोप आधी मराठीत, मग तेलुगूत सांगत फिरायचा. मी हुशार मास्तर. एकदा सहा सूचनांचा कागद त्याच्यापुढे धरला.

“एका फेरीत एकच गोष्ट, गुरुजी,” तो हसला. “जास्त सांगतल्या तं लोकं एकबी घरी नेत नाई.”

आता गावाचे पाच ग्रुप माझ्या मोबाइलवर वाजत असतात. परवा वाढदिवसांच्या केकांमध्ये एक अनोळखी नाव दिसलं. पुढचं न वाचताच मी ‘हार्दिक शुभेच्छा’ ठोकल्या.

दुसऱ्या दिवशी कळलं, ते दवंडीवाल्याचं नाव होतं, जे मी कधी विचारलंच नव्हतं, आणि बातमी त्याच्या मरणाची. डफ वाजला असता, तर मी मातीला गेलो असतो.