काट्यातलं कोकरू

साखऱ्याचा भुजंग उभ्या जन्मात कधी चित्रापुढं थांबला नव्हता. मेंढरांमागं हिंडणारा माणूस थांबतो तो काठीवर रेलून, आणि बघतो ते आभाळ, नाही तर बाभळीचा शेंडा. पण बायकोचं, सिंधूबाईचं, पोटाचं दुखणं वाढलं, तिला हिंगोलीच्या एका दवाखान्यात ठेवावं लागलं. बायकांच्या खोलीत गड्यामाणसाला घडीभरच सोडत. बाकीचा दिवस बाहेरच्या बाकावर काढायचा. त्या बाकासमोर, भल्यामोठ्या पांढऱ्या भिंतीवर, ते एकटंच चित्र टांगलेलं होतं.

विलायतेतला कुठलासा डोंगरउतार आणि त्यावर मेंढरं. आधी त्याला नुसती मेंढरंच दिसली. मग कान दिसले. मावळतीचं ऊन मेंढीच्या कानातून आरपार गेलं की कान आतून लालभडक होतो, बारीक शिरा दिसतात. अगदी तसे. भुजंग उठून नाक टेकेल इतका जवळ गेला. कडेला काट्यांच्या जाळीत एक कोकरू अडकलं होतं. लोकरीत रुतलेला काटा न् काटा दिसत होता. धनगर मात्र कुठंच नव्हता.

"आरं, ह्यांचा मालक मेला का काय!" तो मोठ्यानं बोलून गेला, तशी बाकावरची माणसं हसली.

तिथली नर्स अंजली, साखऱ्याजवळच्याच गोरेगावची पोरगी. तिनं त्याला सांगितलं, काका, हे व्हिक्टोरिया राणीच्या काळातल्या चित्रकारांच्या वळणाचं आहे. चार-दोन जवान पोरं होती. गोडगुलाबी चित्रांना विटलेली. त्यांनी ठरवलं, रानात बसायचं आणि पान न् पान दिसेल तसं काढायचं. त्या मंडळींना प्री-रॅफेलाइट म्हणतात. भुजंगाच्या जिभेवर ते नाव काही ठरलं नाही, पण त्या पोरांवर त्याचा जीव जडला. तो भाकरसुद्धा चित्राकडं तोंड करून खाऊ लागला.

आत गेला की तो सिंधूला चित्र सांगायचा. तिनं किती तरी कोकरं बाटलीनं दूध पाजून जगवली होती. ती म्हणाली, "मंग सोडवा की त्याला. बसून काहून राहिले?" आणि दवाखान्यात आल्यापासून पहिल्यांदा हसली.

त्याच दिवशी डॉक्टरांनी भुजंगाला बोलावून घेतलं. दुखणं काळजापर्यंत पसरलं होतं, आता इलाज उरला नव्हता. वाटेल तेव्हा घरी न्या, म्हणाले. भुजंग खाटेपाशी आला तर तिनं विचारलंच, डाक्टर काय बोलले. त्याच्या तोंडून निघालं, "उतार पडून राहिला म्हणले. थोड्या दिसात हिंडायला लागशील." आणि एकदा तोंडाला खोटं लागलं ते थांबेना. बाजूला दुसरं चितर बी हाय, तो म्हणाला. त्यात धनगर आलाय, कोकरू सोडवून खांद्यावर घेतलंय.

मग तिसरं चित्र झालं. त्यात मेंढी कोकराला चाटत होती. चौथ्यात कळप घरी पोचला. सिंधू डोळे मिटून ऐकायची आणि वर दोन घास जास्त खायची. भुजंगाला वाटायचं, कुणास ठाऊक, लागेल बी गुण.

एके सकाळी तो खालून चहा घेऊन आला तर अंजलीनं सिंधूला चाकाच्या खुर्चीत बसवून भिंतीपुढं आणलेलं. मावशीला चित्रं बघायची होती, ती कौतुकानं म्हणाली. भुजंगाच्या हातातला चहा तसाच राहिला.

सिंधूनं सगळी भिंत नजरेनं चाचपली. एकच चित्र. मग ती नवऱ्याकडं वळली.

"ते दुसरं कुठाय?"

भुजंगानं चहा बाकावर ठेवला.

"म्हंजे डाक्टरचं बी तसंच."

त्यानं मान डोलावली. 

ती रडली नाही. अंजलीला म्हणाली, बाई, जरा जवळ ने. मग कोकराकडं कितीतरी वेळ बघत राहिली. बोटानं चित्रावरची काच चाचपली.

"किती जीव लावून बगितलंय चितर काढणाऱ्या मेल्यानं," ती म्हणाली. "आडकलंय तर आडकलेलंच दावलं. लेकरागत समजूत न्हाई काढली."

तो घाव भुजंगाला बराबर लागला. तिनं तो मुद्दाम घातला नव्हता, म्हणून जास्तच लागला.

दुपारी त्यांनी घरची वाट धरली. जीपमध्ये त्यानं तिचं डोकं मांडीवर घेतलं होतं. सेनगाव मागं पडलं तशी ती एकेका मेंढीचं विचारू लागली. पांढरी लंगडते का अजून? लंगडते, तो म्हणाला. म्हातारी एडकी? गेली, तू दवाखान्यात असताना. तिनं बरं म्हटलं. दोन्ही बाजूंनी सोयाबीन पिवळं पडत चाललं होतं.

"मी गेल्यावर टायमावर जेवताल नव्हं?"

'व्हय' त्याच्या ओठावर आलं होतं. त्यानं ते गिळलं.

"न्हाई जमायचं, सिंधे."

तिनं चाचपडत त्याचा हात धरला आणि साखरा येईपर्यंत सोडला नाही.