काकूंसाठी केलेला बझर

गल्लीत त्यांना सगळे वायरमनकाका म्हणत. आयुष्यभर त्यांनी लोकांच्या घरांत वायरिंग केलं, भिंती फोडल्या, घरमालकांची बोलणी खाल्ली आणि शॉकही खाल्ले. काम सोडल्यावरही कुणाचा पंखा अडला की हाक त्यांनाच यायची. काका कुरकुरायचे, पण पक्कड खिशात टाकून निघायचे.

मग काकूंचं विसरणं सुरू झालं. आधी गॅसवरचं दूध, मग शेजारणीचं नाव, मग खुद्द काका. नवऱ्याकडे बघून त्या अदबीने म्हणायच्या, "आमचे हे घरी नाहीत. तुम्ही नंतर या." काका हसून वेळ मारून न्यायचे. "बरं बाई, येतो नंतर," असं म्हणून स्वयंपाकघरात कुकर लावायला जायचे, आणि तिथे त्यांना रडू यायचं.

विसरणं एकवेळ परवडलं, पण काकू घराबाहेर पडू लागल्या. "आईकडे जाते," म्हणायच्या आणि चालू लागायच्या. आईला जाऊन जमाना झाला होता. एकदा तर मोठ्या रस्त्यावर गाड्यांच्या मधोमध उभ्या सापडल्या. दुसऱ्या शहरात राहणारी लेक फोनवर म्हणाली, "बाबा, दाराला आतून कुलूप घाला." काकांनी घालून पाहिलं. काकूंनी बोटं रक्ताळेपर्यंत कडी ओढली आणि परक्या माणसापुढे हात जोडावेत तसे नवऱ्यापुढे जोडले. "मला सोडा हो. मी काय केलंय तुमचं?"

काकांनी कुलूप काढलं ते कायमचं. "तिला कोंडून ठेवायला मी जेलर नाही," ते लेकीला म्हणाले. "दार उघडलं की मला कळेल, असं काहीतरी सांग."

"बॅटरीवरची तयार घंटा मिळते बाजारात."

"वायरमनच्या घरात विकतची घंटा? लोक तोंडात शेण घालतील माझ्या."

लेक अशाच वस्तूंच्या कंपनीत कामाला होती. तिने पार्सल पाठवलं: बोटाएवढी मायक्रोकंट्रोलरची चिप, चुंबकाचा स्विच, बझर, रंगीत वायरी आणि भोकाभोकांचा पांढरा ब्रेडबोर्ड. सोल्डरने डाग देणं नाही, स्क्रू नाहीत. वायर भोकात खुपसली की झालं. काकांना हा प्रकार मुळीच पटला नाही. त्यांच्या जाड बोटांतून ती वायर सारखी निसटायची. "ही वायर आहे की केस?" ते करवादायचे.

सुरुवात एका इवल्या दिव्यापासून करायची होती. दिवा काही पेटेना. लेकीने फोनच्या कॅमेऱ्यातून पाहिलं. "बाबा, एका ओळीतली भोकं आतून जोडलेली असतात. तुम्ही दिव्याचे दोन्ही पाय एकाच ओळीत घातलेत. वीज दिव्याला टाळून तशीच पुढे जातेय."

पाय वेगळ्या ओळींत गेले, दिवा पेटला. तरी काकांनी सवयीने टेस्टर टेकवलाच. टेस्टर ढिम्म. "यात करंटच नाही," काकांनी निकाल दिला.

"पाच व्होल्ट आहेत फक्त. तुमचा टेस्टर कसा लागेल?"

"मग तिला वीज म्हणू नये माणसाने."

लेक हसली, तेही हसले. पण ते त्यांनी गमतीने म्हटलं नव्हतं. ज्या विजेने टेस्टर लागत नाही, ती त्यांच्या लेखी वीज नव्हतीच. ते एक खेळणं होतं.

खेळणं मात्र चाललं. लेकीने लिहिलेला प्रोग्राम काकांनी तिच्या जुन्या लॅपटॉपवरून चिपमध्ये भरला. चुंबक दारावर, स्विच चौकटीवर, आणि सगळा पसारा बाहेरच्या खोलीत मोबाइलच्या चार्जरवर. दार उघडलं की बझर किंचाळायचा. काका हातातलं टाकून धावायचे, चपला घालायचे आणि काकूंसोबत निघायचे. कोपऱ्यापर्यंत जाईतो काकू कुठे निघालो ते विसरायच्या, मग दोघं परत यायची. काकांना वाटायचं, आपण जिंकलो. अख्खा उन्हाळा असाच सरला.

एका दुपारी स्वयंपाकघरातल्या प्लगमधून जळका वास आला. मेन बंद केल्याशिवाय काका वायरीला हात लावत नसत. त्यांनी मेन खाली ओढला. काकू बाहेरच्या खोलीत खुर्चीवर डुलकी घेत होत्या. घरातले दिवे गेले, फ्रिज थांबला, पंखा थांबला, हे सगळं काकांना ठाऊक होतं. त्या चार्जरचं त्यांच्या मनातसुद्धा आलं नाही. त्यांनी प्लग उघडला, जळलेलं टोक कापलं, नवं जोडलं, निगुतीने झाकण बसवलं. काम मनासारखं झालं म्हणून जरा खूशच होते.

मेन वर केला आणि बझर किंचाळू लागला. खुर्ची रिकामी होती. दार सताड उघडं होतं.

काकू गल्लीच्या टोकाला, पाइपसाठी खणलेल्या चरात सापडल्या. खुब्याचं हाड मोडलं होतं. डॉक्टर म्हणाले, हृदय इतकं अशक्त आहे की ऑपरेशन झेपणार नाही. आता त्या पलंगावरून उठायच्या नाहीत.

लेक धावत आली. तिने बापाला एका शब्दाने बोल लावला नाही, आणि काकांना तेच जास्त लागलं. कूस बदलताना काकू कळवळायच्या, तेव्हा ते तोंड फिरवून भिंतीकडे बघत बसायचे. एका संध्याकाळी लेक त्यांच्याशेजारी येऊन बसली. त्यांना धीर द्यावा म्हणून म्हणाली, "बाबा, एका परीने बघा. आता आई कुठे निघून जायची भीती तरी नाही."

काकांनी मान हलवली, पण तिच्याकडे पाहिलं नाही. हॉस्पिटलच्या बाकावर, डॉक्टर सांगून आत वळले तेव्हा, त्यांच्या मनात पहिलं हेच आलं होतं, आणि त्यांना बरं वाटलं होतं.